तोफेची गोष्ट

इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांना अलीकडे विसरायला होत होतं. तेवढाच हवापालट होईल म्हणून बायकोने त्यांना भावाच्या कुटुंबाबरोबर टेकडीवर आणलं. माथ्यावर एक पडका बुरूज होता आणि गंजलेली तोफ.

"भावोजी, ही एवढी तोफ वर आणली कशी हो?" मेहुण्याने विचारलं.

मास्तर खुलले. हत्ती, दोरखंड, घसरून मेलेली माणसं, सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं.

दहा मिनिटांनी मेहुण्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मास्तरांनी तीच गोष्ट तितक्याच हौसेने पुन्हा सांगितली. तिसऱ्या वेळी मेहुण्याची मुलगी मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढत होती आणि बाकीचे पोट धरून हसत होते.

"अरे, पुरे कर आता," बायको म्हणाली.

"अगं ताई, त्यांना कुठे काय कळतंय!"

मास्तर बोलता बोलता थांबले. त्यांनी मोबाइलकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिच्याही ओठांवर हसू होतं, ते तिला वेळेत आवरता आलं नाही.

"सांगा ना भावोजी, पुढे काय झालं?"

"आठवत नाही," मास्तर खोटंच म्हणाले, आणि त्यावर सगळ्यांत मोठा हशा पिकला.