पानांवरची लव

पाहुण्याने बाही तोंडापुढे धरली, पण त्याचे खांदे हलत होते. मागे उभी असलेली त्याची माणसं तर उघडउघड हसत होती.

मीवाना गोंधळून कारभाऱ्याकडे पाहत राहिली. राजाचं वाक्य साधं होतं. दूरचा प्रवास करून आलात, आता आमच्या नगरीत विसावा घ्या. तिने ते आठवेल तशा शब्दांत पूर्वेच्या बोलीत सांगितलं होतं.

"काय सांगितलंस तू त्यांना?" कारभारी वारझाकने दबक्या आवाजात विचारलं.

"महाराज म्हणाले तेच."

हान सम्राटाचा दूत दू चेंग आता सावरला होता. तो पुढे झुकला आणि लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणालात, काका, लांबून आला ना? पाय दुखले असतील. आता गाई करा."

मग तिच्या लक्षात आलं. ती नऊ वर्षांची असताना हूण घोडेस्वारांनी तिला गावाबाहेरून उचललं होतं. त्यांच्या छावणीतून ती या हातातून त्या हातात विकली जात पश्चिमेला सरकत गेली आणि फरगाण्यातल्या एका द्राक्षमळेवाल्याने तिला विकत घेऊन पुढे तिच्याशी लग्न केलं. आता तोही वारला होता. मुलगा राजाच्या पागेत घोडे शिकवत होता, घरात सून आली होती, तिचे स्वतःचे केस पिकले होते. ती बोली मात्र नऊ वर्षांचीच राहिली होती. तह, नजराणा, सम्राट, यांतला एकही शब्द तिच्यापाशी नव्हता. सम्राटाला ती 'सगळ्यांचे मोठे बाबा' म्हणाली तेव्हा दू चेंग हसला नाही, एवढीच त्याने मेहरबानी केली.

त्यांचा दुभाषा वाळवंटात तापाने गेला होता, म्हणून तिला रोज वाड्यावर जावं लागे. पाहुण्यांना इथले घोडे हवे होते आणि बदल्यात द्यायला त्यांनी उंटांवरून रेशमाचे तागे आणले होते. बोलणी लांबत गेली, तशी मीवानाची झोप उडाली. कणीक मळताना मध्येच एखादा शब्द वर यायचा. उंबरा. पळी. नाकातला शेंबूड. ती हात तसाच पिठात ठेवून थांबायची. मग उठून रांजण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवायची, आणि संध्याकाळी पुन्हा जागच्या जागी आणायची. आईचं नाव काही केल्या आठवत नव्हतं. त्या वयाच्या मुलीला आई म्हणजे आईच असते. नाव कधी कानावर पडलं होतं की नाही, कोण जाणे.

मुलगा सपार म्हणाला, "झोपेत बडबडतेस तू, आई. नानेयाला भीती वाटते."

"तुझ्या बायकोला म्हणावं, कानात बोळे घाल," असं तोडून टाकून ती अंगणात गेली आणि तुतीच्या झाडाखाली उगाचच येरझाऱ्या घालत राहिली.

तागे उलगडले त्या दिवशी राजमाता स्वतः येऊन बसल्या होत्या. बोटांची कातडी कापडाला अडकू नये म्हणून त्यांनी हातांना तूप चोळून घेतलं होतं. बराच वेळ त्या कापड नुसतं या तळव्यावरून त्या तळव्यावर ओतत होत्या. मग त्यांनी विचारलं की हे कशाचं करतात. लोकर नाही, ताग नाही, कापूसही नाही.

मीवानाने प्रश्न पोचवला. दू चेंगने उत्तराची घाई केली नाही. आधी त्याने तिच्याकडे पाहिलं.

"आमच्याकडे एक झाड असतं," तो म्हणाला. "त्याच्या पानांवर बारीक लव येते. पाणी शिंपडून ती विंचरून काढायची. ते झाड इकडे उगवत नाही."

एवढं बोलून तो थांबला आणि तिचं तोंड उघडण्याची वाट पाहू लागला. मीवानाच्या डोळ्यांपुढे बांबूच्या पसरट परड्या आल्या, एकावर एक रचलेल्या. त्यात पांढऱ्या अळ्या रात्रंदिवस पाला कुरतडायच्या. सगळं घर त्या आवाजाने भरून जायचं आणि मोठ्याने बोललं की आई मागून टपली मारायची. सगळं आठवत असतानाच ती राजमातेला म्हणाली, "पानांवरची लव आहे, बाईसाहेब. ते झाड इकडे होत नाही."

संध्याकाळी दू चेंग स्वतः तिच्या घरी आला. सोबत मिठाई आणि रेशमाचा एक लहान तुकडा होता. अंगणात पाऊल टाकताच त्याची नजर तुतीवर गेली आणि तिथेच थबकली. मग तो खाली बसला आणि तिच्या गावाची चौकशी करू लागला. तिला एवढंच सांगता आलं की नदी वळते तिथे गाव आहे आणि दारोदार तुती आहे.

"अर्धा देश तसाच आहे," तो म्हणाला. पण शोधता येईल, असंही म्हणाला. सम्राट पळवलेली माणसं परत आणवतात. परतीच्या वाटेवर तिच्यासाठी एक घोडी वेगळी ठेवायची त्याची तयारी होती.

"तुम्हाला माझी दया आलीय की मला इथे ठेवायची भीती वाटतेय?" तिने विचारलं. तिच्याजवळच्या पोरसवदा शब्दांत तो प्रश्न फारच सरळ झाला.

दू चेंगने पुन्हा झाडाकडे पाहिलं. "दोन्ही," तो म्हणाला.

तो गेल्यावर तिने गाठोडं बांधलं. मग सोडलं. आपल्याला जायचं आहे की नाही हे तिला कळेना. पाय मात्र एका जागी टिकत नव्हते. सपारला तिने दूताचं बोलणं सांगितलं. तो म्हणाला की कारभाऱ्यांना दूताच्या बोलण्याचा संशय आहे, आणि आईने खरं काय ते सांगितलं तर अख्खी पाग त्याच्या हाताखाली येईल. तुला जायचंच असेल तर निदान जाताना एवढं करून जा, असं तो खाली बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राजमातेने तिला एकटीला बोलावलं. मीवाना लवेचीच गोष्ट पुन्हा सांगायची असं ठरवून गेली होती. पण राजमातेने तिला जवळ बसवलं आणि कापडाचा एक पदर तिच्या मांडीवर टाकला. मीवानाचे हात त्यावर पडले. तिच्या घरात दर वर्षी रेशीम निघायचं, दर वर्षी सरकारात जमा व्हायचं. घरातल्या कुणीही ते कधी अंगाला लावलं नव्हतं.

"खरं सांग," राजमाता म्हणाल्या. "मी काही तुला खात नाही."

आणि तिने सांगून टाकलं. पागेसाठी नाही, सपारसाठीही नाही. ते सगळं तिला एकदा कुठल्या तरी बोलीत मोठ्याने बोलायचं होतं. मोहरीएवढी अंडी. बाया ती कपड्यात गुंडाळून पोटाशी धरून उबवतात. अळ्या तुतीचा पाला खातात, झोपतात, कात टाकतात, पुन्हा खातात. मग तोंडातून धागा काढून स्वतःभोवती घर विणतात. ती घरं आपण उकळत्या पाण्यात टाकायची आणि टोक शोधून धागा ओढत राहायचं. आतली मेलेली अळी मीठ लावून पोरांना खायला द्यायची.

राजमाता ऐकत होत्या. मग त्यांच्या ओठांचे कोपरे थरथरले आणि त्या हसत सुटल्या. दासी हसल्या. दाराशी उभा असलेला वारझाकसुद्धा हसला.

"किडे थुंकतात आणि राजे नेसतात!" डोळे पुसत राजमाता म्हणाल्या. "अगं, पोरवयात कुणीतरी तुला गोष्ट सांगितली असेल. लवेचं निदान पटण्याजोगं तरी आहे." त्यांनी तिला प्रेमाने अंजिरं दिली आणि जायला सांगितलं.

वाड्याबाहेर दू चेंग उंटांच्या खोगिरांची डागडुजी बघत उभा होता. मीवाना सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मी सांगितलं."

त्याचा चेहरा उतरला. "मग?"

"हसल्या."

त्याने तिच्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं, कोण कधी हसलं तेसुद्धा. मग त्याने लांब श्वास सोडला. गेले कित्येक दिवस त्याच्या कपाळावर असलेली आठी तिने पहिल्यांदाच मोडलेली पाहिली. तो तिच्याशी फार आदराने बोलला, तिला वाकून नमस्कार केला, आणि निघताना माणूस पाठवतो म्हणाला.

मीवानाने गाठोडं पुन्हा बांधलं आणि या वेळी सोडलं नाही. सकाळी ते मांडीवर घेऊन ती ओट्यावर बसली. ऊन अंगणात उतरलं, भिंतीवर चढलं. रस्त्यावर कुणी थांबलं की ती उठायची, गाठोडं उचलायची, पुन्हा बसायची. दुपारी सपार पागेतून आला. त्याने तिच्या मांडीकडे पाहिलं आणि नजर चुकवली.

"ते पहाटेच गेले, आई. घोडे मीच हवाली केले."

"माझ्यासाठी वेगळी घोडी होती?"

"नव्हती."

तो आत गेला. बऱ्याच वेळाने नानेया, तिची सून, शेंगांची पाटी घेऊन बाहेर आली आणि शेजारी बसून शेंगा सोलू लागली. ती मुळातच अबोल पोर होती. सासू घरात एकटी बडबडत फिरू लागल्यापासून तर ती आणखीच लांब राहत असे.

"किड्यांचं ते खरं आहे ना, आत्याबाई?" तिने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळं गाव हसतंय."

"तू नाही हसलीस?"

"नाही. मला मळमळलं." तिने एक शेंग फोडली. "उकळत्या पाण्यात टाकायचं म्हणे. जिवंत."

"जिवंतच."

"आणि पाला कोण आणायचं?"

"आम्ही पोरी. कोवळा लागतो, ओला चालत नाही. दिवसातून कितीदा तरी आणावा लागतो. शेवटी शेवटी तर त्यांची भूक आवरतच नाही, घरातली माणसं उपाशी राहतील पण त्यांना द्यावंच लागतं." मीवाना एका दमात बोलत होती. "म्हणून तर मी एवढ्या लांब गेले होते. जवळची झाडं ओरबाडून झाली होती. ते घोडेस्वार आले तेव्हा मी झाडावर होते."

नानेयाचे हात थांबले. तिने पहिल्यांदाच सासूच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मग त्या दिवशी किड्यांना पाला कुणी घातला?"

 मीवानाच्या मांडीवरचं गाठोडं घसरून खाली पडलं, ते तिने उचललं नाही.

"पाल्याची टोपली माझ्यापाशीच होती," ती म्हणाली.