कमलबाईचं माहेर

सोनगीरला अभिमन पाटलांच्या घरातली बंगई, म्हणजे आतला झोपाळा, आपोआप हलते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारची जेवणं झाली की वारा नसतानाही कड्या कुरकुरत. पाटलांची बायको कमलबाई तापाने गेली, त्याला काही वर्षं झाली होती. जिवंतपणी ती त्याच वेळी बंगईवर बसे. अभिमन ओसरीवरून आवाज ऐकत. घाबरत नसत, पण आतही जात नसत.

१९६८च्या माघात त्यांनी ताईबाईशी पाट लावला. दोघंही पन्नाशीच्या आसपास. तरुणपणी याच दोघांची सुपारी फुटली होती. मानपानावरून वडीलधाऱ्यांत बिनसलं आणि लग्न मोडलं. ताईबाईला धुळ्याला दिली, इकडे कमलबाई आली. नवरा गेल्यावर ताईबाई धुळ्यातच शिवणकाम करून राहिली. अभिमन बाजाराला गेले की तिच्याकडून बंडी शिवून घेत. बंड्या फार झाल्या तेव्हा तिनेच विचारलं, "तुमले आंग कितला शेतस?"

पाट लागल्यावर अभिमनची थोरली बहीण भागाबाई सोनाराकडून चांदीचा टाक घेऊन आली. त्यावर बाईची मूर्ती उठवलेली. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, म्हणजे सवत छळत नाही, अशी रीत.

"बांध गळामा," भागाबाई म्हणाली.

"ती काय गाय शे, बांधाले?"

ताईबाईने टाक कोनाड्यात ठेवला. त्यानंतर बंगई जोरात हलू लागली. कुंकवाचा करंडा कोनाड्यातून खाली पडे. ताईबाईचं जेवण कमी झालं.

"टाक घाल, नही ते धुळ्याले चालनी जाय," भागाबाईने सुनावलं. अभिमन तिथेच होते. ते उठून शेताकडे गेले. चैत्र सरता सरता ताईबाईने शिवणयंत्र पेटीत भरून ठेवलं. पेटी पाहून अभिमन ताट सारून ओसरीवर जाऊन बसले.

एका दुपारी कड्या कुरकुरत असतानाच ताईबाई जाऊन बंगईवर बसली. बऱ्याच वेळाने ओसरीवर आली आणि तिने विचारलं, "आखाजीले तिले लेवाले कोन ये?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी जाते. भाऊ न्यायला येतो. माहेरी झाडाला झोके बांधतात. कमलबाईला आईबाप नव्हते, भाऊ नव्हता. मामाने लग्न करून दिलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही.

"कोनी नही," अभिमन म्हणाले. "दारवरथून सासुरवाशिनीसना गाड्या जायेत. ती देखत राहे. मी म्हनू, आपली बंगई शे ना घरमा. तठे झोका ले."

"मंग ती लेई राहिनी," ताईबाई म्हणाली.

आखाजीच्या आदल्या दिवशी यावलजवळच्या खेड्यातून तिचा भाऊ पुना न्यायला आला. ताईबाईने कोनाड्यातला टाक घेऊन पदराच्या गाठीत बांधला.

"पुना, औंदा दोन बहिनी शेतस तुले."

पुनाने गाठीकडे पाहिलं. "मंग तिकीट दोन काढू?"

"एकच काढ. तिले मांडीवर लेसू."

दारात ती अभिमनकडे वळली. "एकली येत नही मी. लेवाले या. दोन्हीसले."

त्या दिवशी बंगई थांबली. "पिडा गई," भागाबाई म्हणाली. पेटीकडे पाहून पुढे म्हणाली, "अन् तीबी गई." अभिमन अनेक वर्षांनी त्या वेळेला आत गेले आणि बंगईवर बसले. घरात कसलाच आवाज नव्हता. त्यांना तिथे फार वेळ बसवलं नाही. दुसऱ्या सकाळी दाढी करून, सगळ्यांत नवी बंडी घालून ते यावलच्या रस्त्याला लागले. बायकोला आणायला ते जन्मात कधी गेले नव्हते. कमलबाई कुठे गेलीच नव्हती, आणायचं कुठून.

पुनाच्या दारच्या कडुलिंबाला झोका होता. ताईबाई त्यावर बसली होती, पदराची गाठ मांडीवर. बायका गाणी म्हणत होत्या. पुनाच्या बायकोने ताईबाईची ओटी भरली, मग पुन्हा मूठभर गहू आणि नारळ घेऊन दुसरी ओटी त्या गाठीपाशी ठेवली.

अभिमन पुढे झाले. चारचौघांत त्यांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"कमल, चाल घर," ते गाठीकडे पाहून म्हणाले. बायकांची गाणी थांबली. मग ते ताईबाईला म्हणाले, "तूबी चाल."

"दुसरीच ना मी," ताईबाई म्हणाली. पण ती झोक्यावरून उतरली होती. "चला. यासन्या बंड्या कोन शिवी?"

सोनगीरला आल्यावर तिने टाक देवघरात ठेवला. शिवणयंत्राची पेटी अभिमननी स्वतः उघडली.

दुसऱ्या दुपारी कड्या पुन्हा कुरकुरल्या, पण हलक्या हाताने झोका घ्यावा तशा. ताईबाईने शिवण बाजूला ठेवली. "सरक वं बाई जराशी," म्हणत ती बंगईवर बसली. ओसरीवरून अभिमन उठले आणि आत आले.