मनगट

दुष्काळात गावच्या म्हशी छावणीला गेल्या आणि दूध संस्थेचे चेअरमन आबाराव दुधाचा धंदा शिकायला परदेशी गेले. चारा कुणाला कुठं मिळेल, सांगता येत नाही.

गाव येरमाळ्यापासून कोसभर आत. विहिरींनी तळ दाखवलेला, टँकर येईल तेव्हा खरा. अशात अर्जेंटिना नावाच्या मुलखात सहकारी दूध संघ लई भारी चालतात, ते जाऊन बघावेत असं वर कुठंतरी ठरलं आणि जिल्ह्यातल्या तिघांत आबारावांचा नंबर लागला. अभ्यासदौरा म्हणजे कसं, अभ्यास आठवड्यात उरकतो आणि दौरा उरतो. तिथल्या यजमानांनी उरलेल्या दौऱ्याचीही सोय लावली. त्यांच्या देशाच्या पार दक्षिण टोकावरून एक लहानसं जहाज शंभरभर हौशी माणसं घेऊन बर्फाच्या मुलखात जायचं. बर्फाचे डोंगर, पेंग्विन, देवमासे दाखवायचं आणि परत आणून सोडायचं. त्यात एक खोली रिकामी होती. बाकीचे दोघे थंडीला भ्याले. आबाराव फुकटच्या गोष्टीला कधी भीत नसत.

त्या जहाजावर कोंडीराम खलाशी होता.

कोंडीराम त्याच गावचा, बौद्ध वस्तीतल्या चांगुणाबाईचा एकुलता एक. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून हात सोलवटले तेव्हा मामाच्या मागं मुंबईच्या गोदीत गेला, तिथून एका जहाजावर, तिथून दुसऱ्या. असं करत करत पृथ्वीच्या बुडाशी पोचला. या जहाजावरचं त्याचं काम सांगायला सोपं होतं. बर्फाच्या मुलखात धक्का नाही, की जहाज लावलं आणि माणसं उतरली. जहाजाच्या कडेची शिडी उतरायची आणि खाली हेलकावणाऱ्या रबरी बोटीत पाय टाकायचा. बोटीत कोंडीराम उभा. उतरणाऱ्यानं त्याचं मनगट धरायचं आणि त्यानं उतरणाऱ्याचं. नुसता पंजा धरला तर हात निसटतो. मनगटात मनगट अडकलं की एकानं सोडलं तरी दुसरा धरून असतो. मनगट धरल्याशिवाय बोटीत पाय नाही, हा जहाजाचा नियम होता, मग तो कारखान्याचा मालक असो की कुठली राजघराण्यातली म्हातारी.

मागच्या सुट्टीत त्यानं हे आईला सांगितलं होतं. चांगुणाबाईच्या पोटात ते मावेना. दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेली आणि संस्थेपुढं जमलेल्या बायकांना म्हणाली, "माझ्या कोंडीरामचं मनगट धरल्याबिगर गोरी माणसं बोटीत पाय ठिवत न्हाईत."

सगळी संस्था हसली. दूध मोजणारा बंडप्पा म्हणाला, "चांगुणे, लेकानं लांबून चांगलीच फेकली की गं!"

हसण्याचं कारण होतं. गावाचं सगळं दूध एकाच कॅनमध्ये पडायचं आणि एकाच गाडीतून धाराशिवला जायचं. सहकार तो तेवढा होता. पण चांगुणाबाई खाली पायरीशी थांबायची. सगळ्यांचं झालं की बंडप्पा माप घेऊन पायरीवर यायचा, ती वरून ओतायची, तिच्या चरवीला त्याचा हात लागायचा नाही. तिला ओट्यावर चढायची बंदी होती असं मात्र नव्हे. तसं कुणी बोललं असतं तर आबारावांनीच त्याला झापलं असतं. दर चौदा एप्रिलला समतेवर त्यांचंच भाषण असे. ती चढत नव्हती आणि तिला कुणी चढ म्हणत नव्हतं, इतकंच. त्या हसण्यानंतर तिनं लेकाबद्दल बोलायचंच सोडलं. कोंडीरामला ते फार लागलं. आपल्यापायी आई खोटी पडली, हे त्याच्या मनातून समुद्रातही जाईना.

म्हणून जहाजाच्या जिन्यावर कानटोपी घातलेले आबाराव दिसले तेव्हा त्याला पहिला विचार आला तो हाच, की साक्षीदार आला. गावातला, आणि वर चेअरमन.

"तू चांगुणाचा कोंड्या न्हवं?" आबाराव ओरडलेच.

"व्हय, चेअरमन."

"आयला! इथं कुठं रं तू?"

बाकीचे दोघे मागं राहिल्यापासून आबारावांच्या कानावर मराठी शब्द पडला नव्हता. त्या दिवसापासून ते कोंडीरामला शोधत फिरायचे. कठड्याशी उभं राहून तासतास बोलायचे. छावणीतली भानगड, जावयाची बदली, कुणाचं बोअर लागलं, कुणाचं फुकट गेलं. चांगुणाबाईनं बांधून दिलेली कारळाची चटणी कोंडीरामनं आणून दिली, तर जेवणाच्या टेबलावर पावाला लावून डोळे मिटून खाल्ली. दोन दिवसांत 'कोंड्या'चा 'कोंडीराम' झाला. बोलताना मधलं अंतर मात्र दीड हाताचं राही. गोऱ्यांशी ते गळाभेट घेत, फिलिपिनी आचाऱ्याच्या पाठीवर थाप मारत. त्या लोकांची जात आबारावांना ठाऊक नव्हती. माणूस परका असला की बिनजातीचा होतो. गावचा निघाला की पंचाईत.

मग बर्फ आला. आधी सुटे तुकडे, मग घराएवढे, मग येरमाळ्याच्या येडाईदेवीच्या डोंगराएवढे. पांढरे नुसते नव्हेत. भेगांतून नीळ घातलेल्या धोतरासारखा रंग. पाण्यात सील लोळत होते तेही छावणीतल्या म्हशींसारखे, फक्त चांगले पोसलेले. एक देवमासा जहाजाशेजारी वर आला, फुस्स करून श्वास सोडला आणि शेपूट दाखवून गेला. आबाराव बघतच राहिले.

"काय रं कोंडीराम, ह्यातला एक डोंगर वढून न्हेला तर आपल्या तालुक्याला किती साल पुरंल?"

"वितळंल की वाटंतच, चेअरमन."

"आपल्यापातूर काय येतंय म्हणा वाटंत न वितळता," असं म्हणून आबाराव स्वतःच हसले.

पहिल्यांदा बोटी उतरल्या तेव्हा आबाराव शिडीपर्यंत आले, खाली कोंडीराम हात पुढं करून उभा दिसला आणि त्यांचा गुडघा दुखायला लागला. दुसऱ्या वेळी ते रांगेत मागंमागं सरकत राहिले आणि दुसऱ्या बोटीत, फिलिपिनी खलाशाचं मनगट धरून उतरले. कोंडीरामला सगळं कळलं. गावात अशा गोष्टी कुणी शिकवाव्या लागत नाहीत. त्याला राग आला, आणि रागाची लाजही वाटली, कारण काल याच माणसाला त्यानं आईच्या हातची चटणी वाढली होती.

शेवटच्या उतरण्याला पेंग्विनांची मोठी वसाहत होती, हजारो पक्षी. वास कोंबड्यांच्या खुराड्याचा, पण चाल लग्नात मिरवणाऱ्या व्याह्यांची. ते बघायलाच तर माणसं आली होती. फिलिपिन्याची बोट भरून निघून गेली होती. राहिली एक, कोंडीरामची.

आबाराव शिडीच्या शेवटच्या पायरीवर आले. कोंडीरामनं त्यांच्याकडं पाहिलं, हातमोजा काढून खिशात कोंबला आणि बाही कोपरापर्यंत सारली. थंडी हाडात शिरत होती. पण धरायचंच तर मधे कापड नको, असं त्याच्या मनानं घेतलं.

"मनगट धरा, चेअरमन."

आबारावांनी वर पाहिलं. शिडीच्या तोंडाशी जहाजाचा अधिकारी उभा. मागं माणसं खोळंबलेली. त्यांनी पाय उचलला तशी लाट आली, बोट वर उचलली आणि पुन्हा खाली गेली. आबारावांनी झडप घालून कोंडीरामचं मनगट पकडलं, ते असं की त्यांच्या बोटांचे वळ उठले. कोंडीरामनं त्यांचं धरलं आणि अलगद आत घेतलं. बोटीत आधीच बसलेल्या एका डच म्हातारीनं नेमका तेव्हा फोटो काढला.

बोट जहाजाकडं परत निघाली. कोंडीरामनंच विषय काढला.

"चेअरमन, एक मागतो. गावात गेल्यावर चारचौघांत माझ्या आईला एवढंच सांगा, की लेक खोटं बोलला न्हाय."

"आरं, सांगतो की! त्यात काय? येडाईच्यान सांगतो."

देवीची शपथ त्यांनी आपणहून घेतली, कोंडीरामनं मागितली नव्हती.

चैत्रात कोंडीराम सुट्टीवर आला. दुष्काळ होता तसाच होता. आईनं भाकरी वाढली. त्यानं हळूच विचारलं, "चेअरमन काय बोलले का गं?"

"बोलले की. मोप बोलले. सत्कार झाला त्यांचा, शाल-नारळ. बरफ सांगितला, पक्षी सांगितले, मासा सांगितला. म्या कडंला बसून वाट बघितली." चांगुणाबाईनं तवा उतरवला. "कुणाचा हात न धरता एकटाच उतरलो म्हणं बोटीत."

"मागनं कुणापाशी बोलले आसतील…"

"खा तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीतल्या म्हशीची धार काढून तो आईबरोबर दूध घालायला गेला. संस्थेच्या भिंतीवर, चेअरमनच्या खुर्चीच्या वर, कालच एक मोठा फोटो लागला होता. त्या डच म्हातारीनं पोस्टानं पाठवलेला, धाराशिवच्या स्टुडिओत मोठा करून चौकटीत बसवलेला. मागं बर्फाचा डोंगर, पुढं कानटोपीतले आबाराव, एक पाय हवेत. बंडप्पा प्रत्येकाला दाखवत होता.

कोंडीराम पायरीशी उभा राहून बघत राहिला. फोटोत तो नव्हता. त्याच्या बाजूनं फोटो कापला होता. स्टुडिओवाल्यानं जमेल तेवढा कापला होता. पण मनगटात मनगट अडकलेलं, तिथं कात्री चालवायची तर आबारावांचाही हात गेला असता. म्हणून कोपरापर्यंतचा एक काळा हात चौकटीच्या कडेतून आत आला होता आणि चेअरमननी तो घट्ट धरून ठेवला होता.

आई मान वर करून फोटोकडं बघत होती, डोळे बारीक करून. मग तिनं चरवी पायरीवर ठेवली आणि ओट्यावर चढली.

बंडप्पा माप धरून तसाच राहिला. चांगुणाबाई सरळ आत गेली, खुर्चीत बसलेल्या आबारावांच्या शेजारून, आणि काचेवर बोट ठेवलं.

"हा इळ्याचा वण हाय. कडबा तोडताना लागला. नऊ वर्साचा हुता. म्या हळद भरली हुती." तिनं वळून बाहेर पाहिलं. "कोंडीराम, दाव रं हात."

कोंडीरामनं बाही सारली. मनगटाच्या वर चंद्रकोरीएवढा वण होता. बंडप्पानं पाहिला, बायकांनी पाहिला.

आबाराव खुर्चीतून अर्धवट उठले. "चांगुणाबाई, चौकट ल्हान पडली. त्यामुळं जरा…"

"असू द्या की." ती शांत आवाजात म्हणाली. "माणूस कापला तुमी. हात काय तुमच्यानं सुटंना."

ती खाली उतरली आणि बंडप्पाला म्हणाली, "माप घे." त्यानं माप पुढं केलं. तिचा नंबर अजून आला नव्हता, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

त्या फोटोची पुढं मोठी पंचाईत झाली. काढावा तर चेअरमननी का काढला म्हणून गाव विचारणार. ठेवावा तर तो आता चांगुणाच्या लेकाचा फोटो झालेला. तो तसाच राहिला.

वर्षानं कोंडीराम पुन्हा आला. पाऊस त्याही साली धड झाला नव्हता. रस्त्याची धूळ संस्थेत, टेबलावर, खुर्चीवर, फोटोवर. आबारावांचं तोंड धुळीनं ओळखू येत नव्हतं. पण काचेच्या एका कडेला, मनगटाएवढी जागा लख्ख होती.

"तुझी आई," बंडप्पा म्हणाला. "रोज दूध घातलं की वर येती, तेवढंच पुसती पदरानं आन् जाती. कुणाची टाप हाय न्हाई म्हणायची?"