अर्धी बशी

"सांग त्या पैलवानाला, माणसात असशील तर पंपाचं पाणी वर सोड. नाहीतर बैलांशेजारी दावं बांधून घे म्हणावं स्वतःला!"

वरच्या आळीचा मिशीवाला ओरडत होता आणि धारवाला त्याचाच विळा दगडावर घासत मान हलवत होता. विळ्याला धार चढेल तशी निरोपाची उतरत जायची. दोन आळ्यांमधल्या पाटावरची फळी ओलांडून खालच्या आळीत पोचेपर्यंत निरोप असा झालेला असे: "वरचे म्हणतात, जमलं तर पाणी सोडा. आणि हो, तुमची चौकशी केलीय. बैलांचीसुद्धा."

खालच्या आळीच्या पैलवानाने आयुष्यात कुस्ती खेळली नव्हती, पण चौकशीचं नाव काढलं की तो विरघळायचा.

अकरा वर्षं दोन्ही आळ्यांचं बोलणं बंद होतं, एका शिडीपायी. वरच्यांची शिडी खालच्यांनी नेली आणि ती परत आली तेव्हा एक पायरी कमी. खालचे म्हणाले, नेली तेव्हाच कमी होती. शिडीला कुणी विचारलं नाही. तेव्हापासून पाट ओलांडून कुणी लग्नाला गेलं नाही की मयताला. कोंबड्या तेवढ्या जायच्या-यायच्या.

आणि धारवाला. त्याला ना जमीन, ना बायको. पण चाळीस घरांत त्याला बसायला पाट मांडलेला असे. निरोप ऐकला की घरधनी कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्याला द्यायचा आणि उरलेला अर्धा त्याच बशीतून स्वतः प्यायचा. म्हणजे निरोप पोचला. मध्ये बशी धुतली तर धारवाल्याचा अपमान. म्हणून कुणी धूत नसे.

पेरण्या उरकल्या आणि घशाचा ताप आला. आधी मिशीवाल्याची आई आजारी पडली, मग शेजारचं घर, मग एकदम खालच्या आळीतली तीन घरं. गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. मिशीवाल्याची आई पाचव्या दिवशी गेली.

"त्यांच्याकडून आलंय हे," वरचे म्हणाले.

"त्यांच्याकडून नाही तर काय आभाळातून?" खालचे म्हणाले.

दोन्ही आळ्यांनी आपापल्या बाजूने फळीवर काटेरी फांद्या रचल्या. अकरा वर्षांत दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम. कडेने वीतभर जागा मात्र मोकळी ठेवली, धारवाल्यासाठी.

"सांग त्यांना, इकडचा वारासुद्धा घेऊ नका म्हणावं!" पैलवान म्हणाला.

धारवाल्याने हा निरोप तेरा घरी पोचवला. तेरा अर्ध्या बशा प्याला. त्याला स्वतःला साधी शिंकसुद्धा आली नाही.

आक्का, त्याची थोरली बहीण, खालच्या आळीच्या शेवटच्या घरात राहायची. गुडघे गेल्यामुळे दोन वर्षांत तिने उंबरा ओलांडला नव्हता, आणि जिभेमुळे शेजारणींनी तिचा. धारवाला रोज दुपारी तिच्याकडे जेवायचा आणि सगळं गाव तिला आवाज काढून काढून ऐकवायचा.

त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"धाकट्या, आज मिशीवाल्याचा आवाज काढू नकोस. हसलं की घसा दुखतो."

तो तसाच उठला आणि नर्सबाईला घेऊन आला. बाईने आक्काचा घसा पाहिला, दवाखान्याची गाडी बोलावली. गाडी येईपर्यंत अंगणात उकिडवी बसून तिने मातीवर खडे मांडले. आजारी घर, एक खडा. कोण कुणाकडे जातं, तशी काडीने रेघ.

"दोन्हीकडचं येणं-जाणं बंद, मग पाटापलीकडे गेलं कसं?" ती स्वतःशीच म्हणाली. "आक्कांकडे कोण येतं हो?"

"कुणी नाही. ती कुणाला दारात उभं करत नाही."

"कुणीच नाही?"

"मी येतो तेवढा."

बाईची काडी थांबली. मग तिने मधोमध आणखी एक खडा ठेवला. तो कुणाचा, हे त्याने विचारलं नाही. तिने रेघा ओढायला घेतल्या. चौथ्या रेघेला तो म्हणाला, "राहू द्या बाई. कळलं."

"आजारी न पडताही माणूस आजार नेतो, दादा. तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

"मी तर निरोपसुद्धा गोड करून न्यायचो," तो म्हणाला.

आक्काला गाडीत घातलं. त्याच्या घशातून बाईने कापसाची काडी फिरवून नेली, गोळ्या दिल्या आणि त्याला पाटाकाठच्या पंपाच्या खोलीत वेगळं ठेवलं. जेवण बाहेर दगडावर यायचं. आपल्या एकट्याची थाळी, आपला एकट्याचा पेला. तो घासून घासून धुवायचा.

गावात निरोप बंद पडले. पाणी कधी सुटायचं, कुणाला कळेना.

सातव्या दिवशी सकाळी खोलीबाहेर आवाज आले. पंप चालू होता, शब्द कळेनात. त्याने दार किलकिलं केलं. पाटाच्या एका काठावर मिशीवाला, दुसऱ्यावर पैलवान, आणि दोघे एकमेकांकडे हात करून भांडत होते. समोरासमोर. 'तू जा', 'नाही, तूच जा' असं काहीतरी. शेवटी पैलवानाने फळीवरचे काटे पायाने पाटात लोटले, पलीकडे गेला, आणि दोघे मिळून खोलीकडे आले. दहा पावलांवर थांबले. पैलवानाने पंप बंद केला.

"आक्कांना आराम पडलाय," मिशीवाला म्हणाला.

"चांगला आराम पडलाय," पैलवान म्हणाला. "तिथंच ठेवून घेतलंय त्यांना. आणि हो... तुझी चौकशी केलीय."

 अकरा वर्षं वाईटातल्या वाईट निरोपाच्या शेपटाला धारवाल्याने हेच बांधलं होतं.

"कधी गेली?" त्याने विचारलं.



"पहाटे," मिशीवाला म्हणाला.

पाटातून काटे वाहत चालले होते.  धारवाला म्हणाला, "चौकशीचं तुम्ही आपलं जोडून दिलंत ना? माझं बघून."

"नाही रे," पैलवान म्हणाला. "ते तेवढं खरं आहे. बाई म्हणाली, शेवटपर्यंत एकच विचारत होत्या, धाकट्याला ताप आला का म्हणून."

धारवाल्याने कपाळावर हात ठेवून पाहिला.

गार होतं.