डेक्लनच्या गोळ्यांचा वेग

आई दर उन्हाळ्यात तीन महिने माझ्याकडे आयर्लंडमध्ये पोर्टलीशला यायची. मी दिवसभर हॉस्पिटलमध्ये कामाला, त्यामुळे तिची गट्टी जमली ती शेजारच्या डेक्लन फेलनशी. ते सत्तरी ओलांडलेले, पोस्टातून निवृत्त झालेले, एकटे. मधल्या भिंतीवरून ते तिला बागेतल्या रुबार्बचे आंबट देठ द्यायचे, ती त्यांना थालीपीठ. तिचं मोडकं इंग्रजी आणि त्यांचा आयरिश हेल, पण दोघांचं बरं चालायचं.

गेल्या जुलैत एका शनिवारी ते भिंतीशी येऊन म्हणाले, "या वर्षी रायफल विकून टाकतोय."

चाळीस वर्षं ते लांब पल्ल्याची नेमबाजी करत होते. अलीकडे काडतुसंही स्वतःच भरायचे. क्लबमध्ये त्यासाठी परवानगी मिळालेली एक खोली होती, तिथे बसून. पण गेली दोन वर्षं सहाशे यार्डांवर त्यांच्या गोळ्या वीतभर उंचीच्या पट्ट्यात विखरायच्या. डावी-उजवीकडे फारसा फरक नाही, नुसतं वर-खाली.

"श्वास आवरत नाही आता," ते म्हणाले. "हात म्हातारा झाला."

आई कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "व्हेलॉसिटी किती?"

"काडतुसं भरायच्या पुस्तकात दिलीय तेवढी."

"ती पुस्तकवाल्यांच्या बंदुकीची. तुमची किती?"

डेक्लन माझ्याकडे बघायला लागले. मी आईकडे.

आईने पुण्याजवळच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी केली, एवढं मला माहीत होतं. तिथे ती काय करते हे घरी कधी बोललं जायचं नाही. चौथीतल्या निबंधात मी 'माझी आई कारखान्यात लिहिते' एवढंच वाक्य लिहिलं होतं.

"मोजून बघा," आई डेक्लनना म्हणाली. "वीस काडतुसं भरा. ज्या क्रमाने भराल तसे नंबर घाला. उडवताना मात्र सगळी मिसळायची."

"मिसळायची का?"

"नाहीतर नळी तापली म्हणून वेग बदलला की भरण्यात काही चुकलं, ते कळणार कसं?"

पुढच्या शनिवारी मी दोघांना क्लबच्या नेमबाजीच्या रेंजवर नेलं. वाटेत आई पहिल्यांदा त्या नोकरीबद्दल बोलली. पातळ तांब्याच्या तारा ताणलेल्या दोन चौकटी असायच्या. गोळीने पहिली तार तोडली की घड्याळ सुरू, दुसरी तोडली की बंद. मधल्या अंतरावरून वेग काढायचा. तारा पुन्हा जोडायच्या, पुन्हा गोळी. शेजारच्या खोलीत आई आणि तिच्यासोबत काम करणारी अलकनंदामावशी बसायच्या. एक आकडा वाचणार, दुसरी लिहिणार.

"अलकाला इतकी सवय झाली होती," आई म्हणाली, "की डब्यातली भाजी चांगली झाली तर म्हणायची, उषे, आज आठशे वीस. म्हणजे अगदी हवा तेवढा वेग." आणि खिडकीबाहेर बघत ती बराच वेळ हसत राहिली.

क्लबकडे वेग मोजणारं छोटं रडार होतं, बंदुकीशेजारी ठेवायचं, डबीएवढं. डेक्लनना ते आजवर तरुणांचं खेळणं वाटत आलं होतं. मी पेटीतून हाताला येईल ते काडतूस उचलून नंबर सांगायचे, ते गोळी झाडायचे, आणि आई पडद्यावरचा आकडा वाचायची. "आठशे तीन. आठशे नऊ. सातशे अठ्ठ्याण्णव." मराठीतच, एका सुरात, न थांबता. हा आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता.

मग तिने सगळे आकडे भरलेल्या क्रमाने पुन्हा लिहून काढले. पहिल्या काडतुसाचा वेग सेकंदाला सातशे सत्त्याण्णव मीटर, विसाव्याचा आठशे अकरा. मधले जवळजवळ पायरीपायरीने चढत गेलेले.

"हाताचा दोष असता तर असं ओळीने चढलं नसतं," आई म्हणाली. "भरताना काहीतरी हळूहळू बदलतंय. मला भरून दाखवा."

डेक्लननी गाडीच्या डिकीतून दारू तोलायचा इलेक्ट्रॉनिक तराजू आणला, क्लबच्या खोलीत प्लग लावला आणि लगेच काम सुरू केलं. आईने त्यांना थांबवून पितळी वजन पारड्यात ठेवायला लावलं. दर पाच मिनिटांनी आम्ही बघत होतो. वजन तेच, पण गार तराजू जसजसा तापत होता तसतसा आकडा उतरत होता. म्हणजे दर काडतुसात डेक्लन नकळत कणभर जास्त दारू घालत होते. शंभर यार्डांवर त्याने काही बिघडत नाही. सहाशेवर पट्टा ताणला जातो.

"जुना काट्याचा तराजू डोळ्यांना दिसेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी हा घेतला," ते म्हणाले. मग खुर्चीत बसून राहिले. "आणि मी नेम धरायचंच सोडायला निघालो होतो."

"आधी अर्धा तास चालू ठेवायचा," आई म्हणाली. "तोवर चहा प्यायचा. मधेमधे वजन ठेवून बघायचं."

"ग्रँड," डेक्लन म्हणाले, म्हणजे त्यांच्याकडचं 'बरं'.

पुढच्या खेपेला सगळे वेग पाच मीटरच्या आत आले. सहाशे यार्डांवर त्यांनी दहा गोळ्या झाडल्या आणि रेंज बंद झाल्यावर आम्ही चालत लक्ष्यापाशी गेलो. भोकं तळहातात मावतील इतकी जवळजवळ होती. आई त्यांवरून बोट फिरवत राहिली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"आमच्याकडे गोळी वाळूच्या ढिगात जायची. कुठे लागली ते आम्ही कधी बघितलंच नाही."

तिने तिथूनच अलकनंदामावशीला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात संध्याकाळ होती. मावशीने चष्मा शोधला, कागद जवळ धरायला लावला आणि विचारलं, "सरासरी?"

"आठशे चार."

"छान." मग मावशी म्हणाली, "आपली ती खोली आता पाडली म्हणे."

"हो का," आई म्हणाली.

डेक्लननी रायफल विकली नाही; सप्टेंबरच्या स्पर्धेत ते सहावे आले. आई त्याआधीच परत गेली होती. जाताना तो लक्ष्याचा कागद तिने मागून घेतला. घडी न पडता तो बॅगेत मावावा म्हणून तिने दोन साड्या आणि अनारसे तळायचा झारा माझ्याकडेच ठेवला.