चढावरचा आवाज

"तुमी फकस्त सांगा मिस्त्री, डबी का आख्खा कॉम्प्युटर. मी काय इचारनार न्हाई."

सावळेरामने जिप्सीच्या बॉनेटवर फडकं अंथरून दोन गोष्टी मांडल्या होत्या. एक होती साबणाच्या वडीएवढी काळी डबी; तिला चार बारीक स्क्रू आणि एका बाजूने निघालेल्या वायरी. पुण्याच्या दुकानदाराने ती आठ दिवस वापरून बघायला दिली होती. दुसरा होता नुसता छापील कागद, त्यावर एका चंदेरी पेटीचं चित्र.

भिमाजीने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि कागद वाचायला घेतला. इंग्रजी होतं, पण वायरिंगचं चित्र होतं, आणि वायरिंगचं चित्र भिमाजीला कुठल्याही भाषेतलं कळत असे. आळेफाट्याच्या चौकाजवळ त्याचं शटर होतं, त्याला तीस वर्षं झाली होती. फाट्यावर गॅरेजांना तोटा नव्हता, तरी नारायणगावचे डॉक्टर आणि ओतूरचे बागायतदार पेट्रोलच्या गाड्या घेऊन यायचे ते त्याच्याकडेच. कारण होता त्याचा कान. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून दुसरं टोक तो कानाला लावायचा आणि आत काय दुखतंय ते सांगायचा. लोक त्याला 'कानवाला मिस्त्री' म्हणत. ते ऐकून तो वरवर रागवायचा. मनातून भलताच खूश असायचा.

सावळेराम ओतूरचा. घरची द्राक्षं, घरचा टोमॅटो, आणि चाळिशी आली तरी गाड्यांचं वेड काही उतरलेलं नाही. मागच्या वर्षी माळशेजच्या घाटात त्याच्या जिप्सीच्या पिस्टनला भोक पडलं आणि जुनं इंजिन निकामी झालं. दुसऱ्या कुणी गाडी विकली असती. याने एका अपघातातल्या गाडीचं मोठं इंजिन आणलं, ताकद वाढावी म्हणून पुण्यात त्याचं हेड घासून घेतलं, कॅमशाफ्ट बदलला, आणि जानेवारीतल्या घाटाच्या शर्यतीत नाव घातलं. अडचण एकच उरली. इंजिनाबरोबर आलेला कंपनीचा कॉम्प्युटर जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडत होता आणि ठिणगी टाकत होता. पोरगी लग्न होऊन सासरी गेली तरी आईने परकरपोलक्याचंच कापड पाठवत राहावं, तसला प्रकार.

"दुकानदार काय म्हनला?" भिमाजीने विचारलं.

सावळेराम इंजिनात वाकूनच काहीतरी बोलला. भिमाजीला त्यातलं 'डबी' एवढंच कळलं. त्याने मान हलवली.

झुंबरबाई चहा घेऊन आली होती. नवऱ्याच्या उजव्या बाजूला उभी राहत ती खणखणीत आवाजात म्हणाली, "काय म्हनला, भाऊ? कान पायजे म्हनला?"

"व्हय वहिनी!" सावळेराम सरळ झाला. "म्हनला, डबी कंपनीच्या कॉम्प्युटरला जोडायची, स्क्रू फिरवून पेट्रोल आन् ठिणगी जमवायची. सोपं काम. पन चढावर इंजिन आतनं टकटकतंय का, ते ऐकनारा मानूस पायजे. टकटक चालू ऱ्हायली तर पिस्टनच जातो. तसा मानूस नसंल, तर हा मोठा घ्या. हा जुना कॉम्प्युटर काढूनच टाकतो. याच्यासंगं इंजिनाला आवळायचा सेन्सर येतो. टकटक झाली की तोच ठिणगी मागं घेतो आन् डॅशबोर्डवर लाल दिवा लावतो. कानाची गरज न्हाई." मग तो मोठ्याने हसला. "मी म्हनलं, आवो, कान तर आमच्या आळेफाट्यावर बसलाय. द्या ती डबीच!"

झुंबरबाई हसली नाही. भिमाजी हसला, पण जरा उशिराने.

"उद्या डबी जोडतो," तो म्हणाला. "परवा घाटात जाऊ. मंग सांगतो."

त्या संध्याकाळी जेवताना झुंबरबाईने विषय काढलाच.

"सांगून टाका त्याला."

"काय सांगू?"

"काय सांगू म्हंजे? दोन वर्षं झाली मी तुमची दुभाषी झालीय. गिऱ्हाईक हळू बोललं की मी वरडते. फाट्यावर लोक म्हनत्यात, मिस्त्रीची बायको लई कजाग हाय."

भिमाजी भाकरी चुरत राहिला. बायको खोटं बोलत नव्हती. आधी मोबाइलची रिंग गेली, तेव्हा त्याने मोबाइल बदलला. मग कुकरची शिट्टी गेली, तेव्हा त्याने कुकरची रिंग बदलली. ट्रकचा घरघराट त्याला अजून नीट ऐकू यायचा, हातोड्याचा घाव ऐकू यायचा. बारीक आवाज तेवढे एकेक करून निघून गेले होते, आणि नेमके तेच त्याच्या पोटापाण्याचे होते. डॉक्टरकडे जावं, तर डॉक्टर नारायणगावचे, त्याचंच गिऱ्हाईक.

खरी बोच निराळीच होती. मागच्या वर्षी सावळेरामच्या गाडीची ठिणगी जोरासाठी थोडी पुढे, म्हणजे वेळेच्या जरा आधी, करून दिली होती ती भिमाजीनेच. घाटात ऐकायला बसला होता तोही भिमाजीच. "ठीक हाय," म्हणाला होता. चौथ्या दिवशी पिस्टन गेला. सावळेराम फुटका पिस्टन हातात घेऊन आला, तेव्हा भिमाजीच्या तोंडून पटकन निघून गेलं, "पेट्रोलमधी भेसळ असंल." बस, एवढंच. पण मिस्त्री म्हणाले म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सावळेराम तसाच ओतूरजवळच्या पंपावर गेला. तिथला जानकू त्याच्या वर्गातला, लहानपणापासूनचा दोस्त. जानकूने काचेच्या बरणीत पेट्रोल काढून दाखवलं, कागदावर थेंब टाकून दाखवले, पोराची शपथ घेतली. सावळेरामने चारचौघांत ती बरणी लाथेने उडवली आणि त्याला चोर म्हटलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं, आणि सावळेराम पेट्रोल भरायला पार आळेफाट्याला यायचा.

"एकदा कळलं की संपलं, झुंबर," भिमाजी म्हणाला. "माझ्याकडं दुसरं हाय काय?"

झुंबरबाईला यावर पुष्कळ बोलता आलं असतं. तिने त्याच्या ताटात आणखी थोडं कोरड्यास वाढलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघे निघाले. माळशेजला गाडीची परीक्षा घ्यायची म्हणजे आधी सगळा घाट उतरून खाली जायचं, गाडी वळवायची, आणि चढताना ऐकायचं. भिमाजीची पद्धत ठरलेली होती. काचा खाली, टेप बंद, बोलायचं नाही. तिसरा गिअर, पाय दाबलेला. भिमाजी डोळे मिटून बसायचा, उजवा हात गुडघ्यावर. टकटक आली की त्या हाताचं पहिलं बोट वर उठायचं. शेकडो गाड्यांच्या मालकांनी रस्ता सोडून त्या बोटाकडे बघितलं होतं.

गाडी चढाला लागली. मोठं इंजिन गरजलं. ती गरज भिमाजीला ऐकू आली, वारा ऐकू आला, समोरून उतरणारी एसटी ऐकू आली. त्याने जिवाचा कान केला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, बोगदा आला आणि गेला. बोट गुडघ्यावर तसंच पडून होतं. इंजिन निरोगी होतं म्हणून, की ऐकणाराच कामातून गेला होता म्हणून, हे सांगायला त्याच्याकडे काही साधन नव्हतं.

माथ्याजवळ सावळेरामने गाडी हळू केली. चेहरा नुसता फुललेला. "बोट काय उठलं न्हाई! काय म्हनता मिस्त्री, ठीक हाय ना?"

'ठीक हाय' म्हणायचं होतं. दोनच शब्द तर होते, आणि ते त्याने आयुष्यभर म्हटले होते. पण त्याला शर्यत दिसली, वळणावर इंजिन जाम होऊन थांबलेलं दिसलं, आणि मागून येणारी गाडी दिसली.

"गाडी बाजूला घे," भिमाजी म्हणाला.

तो उतरला आणि त्याने बॉनेट उघडलं. डबीचा एक स्क्रू त्याने मुद्दाम फिरवला, टकटक व्हावीच म्हणून ठिणगी बरीच पुढे घेतली. पुन्हा बसला.

"आता परत खाली उतर आन् परत चढ. या खेपेला मी न्हाई, तू ऐकायचं."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"मी सांगतो तसं ऐक. इंजिनाचा मोठा आवाज सोडून दे. त्याच्या खाली बघ. पत्र्याच्या डब्यात चार बारीक खडे घालून कुनी हळू हलवावं, तसं वाजंल. पाय दाबलास की वाजंल, सोडलास की थांबंल. वाजलं की बोट वर कर."

सावळेराम हसत होता. त्याला वाटलं, मिस्त्रींनी आज शिकवायचं मनावर घेतलंय. गाडी खाली गेली, वळली, चढाला लागली. या वेळी भिमाजीने डोळे मिटले नाहीत. तो सावळेरामच्या स्टिअरिंगवरच्या हाताकडे बघत होता. पहिलं वळण. सावळेरामच्या कपाळाला आठी पडली. त्याने मान जरा तिरपी केली. आणि त्याचं बोट उठलं. त्याने पाय सोडला, बोट खाली आलं. पाय दाबला, बोट पुन्हा वर.

"वाजतंय!" तो लहान पोरासारखा ओरडला. "आयला मिस्त्री, डब्यात खडे! चांगलं मोठ्यानं वाजतंय की!"

भिमाजीला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. इतका वेळ त्याच्या मनात एक वेडी आशा होती, की आपण उगाच भितोय, वेळ आली की ऐकू येईल. ती तिथे घाटातच राहिली.

"पाय काढ. मला ऐकू येत न्हाई, सावळेराम."

"आँ?"

"कान गेला माझा. दोन वर्षं झाली. मोठं ऐकतो, बारीक जातं. ही टकटक गेली." त्याने बॉनेटकडे बोट दाखवलं. "डबी देऊन टाक परत. तू मोठा कॉम्प्युटर घे. त्याला दिवा हाय, शर्यतीत तुला ऐकत बसाया सवड न्हाई. पुन्याच्या मानसाकडून लॅपटॉपवर जमवून घे. वायरिंग मी करून देतो, डोळं आन् हात अजून शाबूत हायेत."

सावळेरामने गाडी कडेला उभी केली. त्याने इंजिन बंद केलं. भिमाजीला वाटलं, तो आता धीर देईल, वयाचं काहीबाही बोलेल. पण सावळेराम वेगळाच हिशेब जुळवत होता. तो वळला, आणि तोंड नीट भिमाजीकडे करून, एकेक शब्द सुटा करत बोलला.

"मागच्या साली बी बोट उठलं नव्हतं."

"न्हाई उठलं."

"मंग भेसळ?"

"भेसळ नव्हती. माझ्या हातनं गेलं इंजिन. मला तवाच कळलं व्हतं. बोलाया जीभ रेटली न्हाई."

"इंजिनाचं जाऊ द्या!" सावळेरामने स्टिअरिंगवर हात आपटला. "इंजिन लोखंडाचं व्हतं, गेलं. आन् जानकू? त्याच्या बहिणीच्या लग्नाला मी गेलो न्हाई, मिस्त्री. दारावरनं गाडी नेली, पन उतरलो न्हाई. तुमी एक सबूद बोलला असता..."

सावळेराम रागावला याचं भिमाजीला एका परीने बरंच वाटलं. दया केली असती तर ती त्याला सोसली नसती.

भिमाजीने उतरून डबीचा स्क्रू पुन्हा जागेवर आणला आणि गाडी मढच्या दिशेने निघाली. जोग्याच्या धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसत राहिलं. ओतूर जवळ आलं, तसा भिमाजी म्हणाला, "पंपावर घे."

"मी न्हाई उतरनार," सावळेराम म्हणाला. पण त्याने गाडी आत घेतली.

पंपावर दहाची गर्दी होती. मोटारसायकली, दोन पिकअप, मागे डिझेलसाठी घरघरत उभा असलेला कांद्याचा ट्रक. जानकू एका मोटारसायकलमध्ये पेट्रोल सोडत होता. जिप्सी दिसली तसा त्याचा चेहरा घट्ट झाला. भिमाजीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि रांगेच्या मधून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. तो बोलला ते ट्रकवाल्यापर्यंत गेलं.

"जानकू, मागच्या साली तुझ्या पेट्रोलमधी काय नव्हतं. याची गाडी माझ्या चुकीनं गेली. आळ तुझ्यावर आला. मी सगळं बघत ऱ्हायलो."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. एकाने "हे तर कानवाले मिस्त्री," असं शेजाऱ्याला सांगितलं. जानकूने नळी जागेवर अडकवली. फडक्याला हात पुसले. भिमाजीमागे सावळेराम येऊन उभा राहिला होता, त्याच्याकडे त्याने एकवार बघितलं. मग भिमाजीकडे बघून तो काहीतरी बोलला. हळू बोलला, आणि बरंच बोलला. मागे ट्रक घरघरत होता. भिमाजीला फक्त त्याचे ओठ हलताना दिसले. माफ केलं, की शिवी दिली, काही समजेना.

गेली दोन वर्षं अशा वेळी तो मान हलवत आला होता. सावळेराम त्याच्या कानाशी येऊन सांगायला लागला, तसं भिमाजीने त्याला हाताने मागे सारलं. तो आणखी एक पाऊल पुढे गेला.

"जानकू," तो सगळ्या पंपाला ऐकू जाईल असं म्हणाला, "जरा मोठ्यानं बोल. मला ऐकू येत न्हाई."