बिनधुराचं काडतूस

मित्रांनो, आखाती किनाऱ्यावरच्या दस्मान वस्तीतल्या या बैठकीच्या खोलीत, चहाच्या किटलीच्या बरोबर वर जी लांबोडी वस्तू टांगली आहे, ती मी. जुनी मार्टिनी रायफल. जन्म विलायतेचा, विक्री मस्कतच्या बाजारात. पुढचं आयुष्य बू नासर यांच्या खांद्याला टेकून गेलं. ते खजुरांची गलबतं घेऊन मुंबईला जात, त्यामुळे त्यांचं हिंदी तिथल्या धक्क्यावरचं.

माझा आहार काळी दारू. ती बेताचा रेटा देते आणि ढगभर धूर सोडते. मागे उरलेली काजळी लोखंड खाते, म्हणून बार काढल्यावर लगेच उकळत्या पाण्याची आंघोळ हवी. बू नासर ती स्वतः घालत. नवी बिनधुराची दारू स्वच्छ असते, पण तिचा दाब जबर. अंदाजाने भरली तर माझे तुकडे होतात, आणि मला गाल लावून बसलेल्या माणसाचेही.

१९७८ साली नातवाचं लग्न निघालं. तलवारींच्या नाचाआधी समुद्राकडे पहिला बार आजोबांनी काढायचा, ही घरची रीत. पण बू नासरना दमा. त्यांच्या मुलाला, नासरला, डॉक्टर प्रभाकरांनी बजावलं होतं, "धूर अजिबात नको. हुक्का नाही, ऊद नाही."

नासर आज्ञाधारक. त्याने अर्दियातल्या एका ओळखीच्या कारागिराकडून माझ्या मापाच्या पुंगळीत बिनधुराची दारू भरून आणली. डॉक्टरांचा शब्द इतका तंतोतंत पाळलेला मी पाहिला नाही.

मी ओरडणार कशी? मला एकच आवाज काढता येतो, आणि नेमका तोच नको होता.

बू नासर खुर्चीत, मी मांडीवर, शेजारी घरी नेमलेली नर्स श्यामला, चिपळूणची. नासरने काडतूस हातात दिलं. म्हाताऱ्याची नजर अधू. त्यांनी ते सवयीने कानाशी हलवलं.

"ये तो बजता है," ते म्हणाले. काळी दारू ठासून भरतात, ती वाजत नाही.

"यबा, यात धूर होत नाही. डॉक्टरांचाच हुकूम," नासर म्हणाला.

"डॉक्टर ने बंदूक को भी दवा लिखा?" म्हणत बू नासरनी खिशातून स्वतःचं काळ्या दारूचं काडतूस काढलं.

"बाबा, रात को खाँसी मेरे को सुनना पड़ता है!" श्यामला कडाडली.

"तो कुर्सी घुमा. हवा पीठ पे ले."

तिने पदर धरून वारा पाहिला, खुर्ची फिरवली, त्यांच्या नाकावर ओला रुमाल दाबला. "एकच हं. बस एक."

बार झाला. धूर समुद्राकाठी लावलेल्या वऱ्हाडाच्या गाड्यांवरून गेला. बू नासर खोकले, पण मानाने. सगळे औषध घेऊन धावले, तर त्यांनी हात झटकला. "पहले उसको नहला."

इंजेक्शनच्या सुयांसाठी उकळलेलं पाणी श्यामलाने माझ्या नळीत ओतलं. तेवढ्यात डॉक्टर आले.

"मेरा बाद में. पहले उसका छाती देख."

डॉक्टरांनी खरोखरच मला उजेडाकडे धरून आत डोकावलं. "स्वच्छ," ते म्हणाले. बू नासरच्या छातीबद्दल हा शब्द त्यांनी कधी वापरला नव्हता.

आता १९८६ आहे. बू नासर नाहीत. नासर माझं लाकूड दर शुक्रवारी चकाकवतो, पाहुणे वाहवा करतात. खाऱ्या हवेने नळीत काय चाललंय, ते कुणी बघत नाही.

मित्रांनो, वाहवा पुरे. मला खाली काढा, उजेडाकडे धरा, एकदा आत बघा. पाणी तर खाली उकळतंच आहे, चहासाठी.